सर्जाची जोडी

सुरुवातीलाच एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करणं मी माझं कर्तव्य समजते. ज्यांना मध्येच हसू फुटण्याची भीती वाटते त्यांनी आधी उठून पाणी पिऊन यावं. बाब अशी : मोटार हा बैल आहे. मोटार बैलासारखी असते असं मी म्हणत नाही. ती बैलच आहे. हा निर्णय माझ्या वडिलांनी आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर उभ्या गावासमोर करून घेतला, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो अजून कुणी फिरवलेला नाही. गेल्याच महिन्यात माझ्या भाच्यानं जळगावात नवीकोरी लहान मोटार घेतली आणि मला दाखवायला दाराशी आणली. तिच्या गाद्या, तिचं इंजिन, तिला पेट्रोल किती थोडं लागतं, सगळं तो कौतुकानं सांगत होता. मी तिच्याभोवती एक फेरी मारली, पुढच्या दोन दिव्यांच्या मधोमध तळहात ठेवला आणि विचारलं, "स्वभावाला कशी आहे?" पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा दोष नाही. त्यानं सर्जाला पाहिलेलं नाही.

सर्जा म्हणजे आमची जुनी मोटार. आमचं गाव धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना मोठा रस्ता सोडून थोडं आत लागतं. घर शेतकऱ्याचं, कापूस, ज्वारी, भुईमूग, आणि गोठ्यात दोन बैलजोड्या. कापसाला बरा भाव आला त्या एका हंगामात आबा, म्हणजे माझे वडील, तिसरी जोडी घ्यायला म्हणून जळगावला गेले आणि मोटार घेऊन आले. कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत चालला होता आणि त्याच्या बंगल्याच्या आवारात टेबलखुर्च्यांपासून कुत्र्याच्या साखळीपर्यंत सगळं विकायला मांडलं होतं. त्यात ही मोटार. आबांनी ती बैल बघतात तशी बघितली. पुढून बघितली, मागून बघितली, कुशीवर थाप मारून आवाज ऐकला, चालवून बघितली, उलटी चालवून बघितली. मग साहेबाच्या कारकुनाचा हात रुमालाखाली घेतला आणि बैलबाजारात करतात तसा बोटं दाबून भाव केला. साहेब व्हरांड्यातून हे बघत होता. आपला कारकून आणि हा पागोटंवाला माणूस एकमेकांचे हात धरून, रुमाल पांघरून, एकही शब्द न बोलता का उभे आहेत, याचं कोडं तो बिचारा विलायतेला घेऊन गेला असणार.

सर्जा रंगानं काळा, अंगानं सडपातळ आणि पायानं उंच होता. तारांची चाकं, कापडी टप, आणि रबरी फुगा दाबला की एखाद्या म्हाताऱ्यानं खाकरावं तसा वाजणारा पितळी भोंगा. पुढे दोन माणसं मावत. मागेही दोन मावत, पण ती सख्खी भावंडं असली तर. आबांनी त्याला गोठ्यात तिसऱ्या दाव्याला जागा दिली. दावं बांधायचं कुठे हा प्रश्न आला तेव्हा पुढच्या लोखंडी पट्टीला बांधलं. पहिले काही दिवस बाकीचे बैल त्याच्याकडे संशयानं बघत. नंतर एकानं त्याचा टप चाटला आणि सर्जा घरचा झाला. उन्हाळ्यात एकदा पारोळ्याहून येताना त्याच्या नाकाडातून वाफा निघायला लागल्या. कसंबसं घरी आणल्यावर आबांनी त्याच्या कपाळाला हात लावला, चटका बसला, आणि त्यांनी मायला हाक मारून ताक मागवलं. उष्णतेवर ताक, हे कुणालाही कळतं. पाण्याच्या टाकीत घागरभर ताक ओतलं. पुढचा सबंध आठवडा सर्जा ज्या गल्लीतून जाई त्या गल्लीत कढी केल्याचा वास सुटे, आणि बाया दारात येऊन विचारत, "आज कोना घर कढी शे व माय?"

सर्जाला चालू करायचं म्हणजे पुढे हँडल घालून फिरवावं लागे, आणि सर्जा लाथ मारत असे. हँडल उलटं फिरून असा हिसका देई की माणूस मागे कोलमडे. आबांचं उजवं मनगट त्यानं पहिल्याच वर्षी दुखवलं ते कायमचं. त्यानंतर हे काम माझ्याकडे आलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडल खालून वर ओढायचं, आणि ओढताना "चाल रे सर्जा" म्हणायचं. यातलं तिसरं केलं नाही तरी चालतं हे मला फार उशिरा कळलं. संध्याकाळी दिवा लागला की आबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं कामही माझंच, कारण बारीक अक्षर त्यांना दिसेनासं झालं होतं. मी नुसतं वाचत नसे. मंत्र्याचं भाषण मंत्र्याच्या आवाजात, कापसाचे भाव दलालाच्या आवाजात, आणि मृत्यूच्या बातम्या शेजारच्या काकूंच्या आवाजात वाचत असे. आबा डोळे मिटून ऐकत आणि मध्येच म्हणत, "तो दलालवाला आखो एकदाव वाच." म्हणजे मी घरातून जाणं याचा अर्थ आबांचा हात आणि डोळे एकदम जाणं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी पुढे शिकते म्हटलं की ते एवढंच म्हणत, "इतलं शिकीसन काय करशी?"

आता त्या निर्णयाकडे येते. ज्या पोळ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षीच्या पोळ्याला पारोळ्याचे एक दूरचे पाहुणे आले आणि सासूला तिच्या माहेरी पोचवायला मोटार मागू लागले. सासूबाई अंगानं भारदस्त होत्या आणि सर्जाच्या कमानी नाजूक. पाहुण्याला सरळ नाही कसं म्हणायचं? आबांनी आभाळाकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज पोया शे. आज बैलले काम नही." पाहुणे हसले. आबा हसले नाहीत. ते पाहुण्यांना घेऊन तडक मारुतीच्या पारावर गेले. तिथे हिलालनाना बसलेले असत. गावातलं सगळ्यात जुनं माणूस. पोळ्याच्या मिरवणुकीत कुणाचा बैल कुठे उभा राहील हे त्यांच्या काठीच्या टोकानं ठरे, आणि त्या काठीपुढे पाटलाचंही चालत नसे. नानांनी आबांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि तीनच प्रश्न विचारले. बांधतोस कुठे? गोठ्यात. काल खांदेमळणी केली? केली, हळद आणि तूप चाकांवरच्या पत्र्याला चोळलं, कारण खांदा तोच असावा असं घरात ठरलं होतं. पुरणपोळी खातो? "त्याले दखाडस, मंग मी खास," आबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. नानांनी काठी आपटली. "मंग बैल शे."

सासूबाई चालत गेल्या. आबा जिंकले, पण या निकालाला एक शेपूट होतं. बैल म्हटला की तो मिरवणुकीत आला. आमच्या गावात जोड्या पुढे चालत. ज्याचा जोडीदार नाही असा एकटा बैल सगळ्यात शेवटी, लंगड्या-म्हाताऱ्यांच्या मागे. त्यामुळे सर्जा झूल पांघरून, घुंगरं वाजवत, सबंध मिरवणुकीच्या शेवटी चालला. त्याच्या मागे फक्त कुंभाराचं गाढव होतं, आणि तेही मिरवणुकीत नव्हतं, घरी चाललं होतं.  वर्षभर कुठे जोडीनं जाणारे बैल दिसले की आबांचा चेहरा उतरायचा. मायनं ते बघून ठेवलं होतं. माय कमी बोलायची. बोलायचं असलं तर भजी तळताना बोलायची, म्हणजे अर्ध्या शब्दांवर तेल चरचरायचं आणि नंतर "मी तसं म्हणालेच नाही" म्हणायची सोय राहायची.

या सगळ्यात माझ्या मामानं मोटार घेतली. मामा धुळ्याला देवपुरात राहायचा आणि त्याचा तिथेच सोडावॉटरचा कारखाना होता. माणूस सोड्यासारखाच, बूच काढलं की थांबायचा नाही. त्याची मोटार सर्जाएवढीच लहान, पण नवी, बुटकी आणि पोपटासारखी हिरवीगार. वर पत्र्याचं छप्पर. खिडक्यांना काचा, त्या मुठीनं फिरवून खालीवर व्हायच्या. वळायचं असलं की कुशीतून एक तांबडा हात बाहेर निघायचा. हँडल नाही, लाथ नाही. बटण दाबलं की मांजरीसारखी गुरगुरायची. गावातली पोरंटोरं तिला नुसतं "हिरवी" म्हणायला लागली. मामानं ती पहिल्यांदा आणली त्या दिवशी आबा ओट्यावर बसून होते. ते उठले, हिरवीभोवती फिरले, पुढच्या चकचकीत जाळीपाशी वाकले आणि म्हणाले, "दात तं बराच शेतस."

"दाजी, चेष्टा करू नका," मामा म्हणाला. "तुमची गाडी आता म्हातारी झाली."

"म्हातारी नही. जाणती शे."

"पावसात माणूस भिजतं तुमच्यात. धूळ खातं. माझ्यात बघा, काच लावली की आत लग्नघरातली नवरी बसावी!"

"आन गरमीमा?" आबांनी विचारलं. "डबामा पापड भाजतस तशी नवरी?"

मामानं ते ऐकलं न ऐकलं केलं आणि आबांचं बोट धरून बटणावर नेलं. हिरवी लगेच गुरगुरली. आबांनी बोट काढून घेतलं आणि बराच वेळ त्या बोटाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "कोनीबी दाबं तं ऊठस?"

"कुणीही!"

"तं मंग ती तुनी कशी? ती तं बठ्ठा गावनी शे."

ओट्यावरची मंडळी हसली. हिलालनानाही तिथेच सुपारी कातरत बसले होते, तेसुद्धा हसले. मामा लाल झाला आणि जे बोलायला तो खरं म्हणजे आला होता ते त्याच्या तोंडून भलत्याच सुरात निघालं. "तुमच्या सर्जाला उठवायला ही पोर लागते, म्हणून तर तुम्ही तिला घरात ठेवता! कमळला माझ्याकडे पाठवा. देवपूरच्या मुलींच्या शाळेत एक जागा आहे. मोठ्या बाईंनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन यायला सांगितलंय. गेली नाही तर जागा दुसरीला जाईल. मी पोळ्याला येतो आणि जेवून तिला घेऊन जातो, याच गाडीतून."

मी दाराआड होते. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं ते मी उलटं धरलेलं होतं हे मला आठवतं. गावातली शाळा मी केव्हाच संपवली होती आणि तीच तीच पुस्तकं पुन्हा वाचून त्यांतली चित्रं बोलायला लागली होती. आबा चिडले की आवाज चढवत नसत; उलट एकेक शब्द भाव केल्यासारखा तोलून टाकत. "तुनी हिरवी सोताना पायवर देवपूरले गयी," ते म्हणाले, "तं पोरगी जाऊ दे, शिकू दे. पन वाटमा मना एकबी बैलले तिले वढनं पडनं, तं पोरगी घर राही, आन दिवायीनंतर सोयरीक देखसू. सर्जाबी त्यामा ऊना. नाना, तुम्ही ऐकं ना?" हिलालनानांनी सुपारी तोंडात टाकली आणि मान हलवली. म्हणजे आता ते दगडावर कोरल्यासारखं झालं. हिरवी स्वतःच्या पायांवर गेली तर शाळा. आमच्या बैलानं ओढली तर लग्न. माझ्या सबंध आयुष्याचं दावं त्या दिवशी एका सोडावॉटरवाल्याच्या मोटारीला बांधलं गेलं.

पोळा आला तो चार दिवसांची झड घेऊन. आमच्याकडची काळी माती कोरडी असली की लोखंड आणि भिजली की डिंक. पण पोळ्याच्या सकाळी उघडलं, आणि घरभर पुरणाचा, गुळाचा, वेलदोड्याचा वास कोंदला. माय उलट्या खापरावर मांडे टाकत होती. हातावर झुलवत झुलवत ते रुमालाएवढे पातळ करायची आणि एका झटक्यात खापरावर पसरायची. बैलांसाठी ज्वारी शिजवून केलेला ठोंबरा मोठ्या घमेल्यात निवत होता. सर्जाचा शृंगार माझ्याकडे होता. सुताराकडून करून आणलेली लाकडी शिंगं मी हिंगुळानं रंगवून त्याच्या कपाळावर बांधली, गळ्यात घुंगुरमाळ घातली, टपावर झूल टाकली आणि दोन्ही दिव्यांना काजळ घातलं. तो फार सुंदर दिसत होता. मी त्याला कानात सांगितलं की मी जाते आहे. त्याला कान नव्हते, म्हणून भोंग्यात सांगितलं.

मामा आला, जेवला, तीन मांडे खाऊन चौथ्याला नको म्हणाला आणि तोही खाल्ला. माझी पत्र्याची पेटी हिरवीत चढली. अमावस्येचं कुठे निघता, असं कुणी तरी म्हणालं. पेट्रोलला तिथी कळत नाही, असं मामानं सांगितलं. आबा बाहेर आले नाहीत. ते गोठ्यात बैलांच्या पाठी पुसत होते, आणि एकच पाठ फार वेळ पुसत होते. मायनं माझ्या हातावर दही घातलं, डोळे पुसले आणि मामाला म्हणाली, "येशीकडून जाय. खयाकडून जाऊ नको." पण गावच्या वेशीत मिरवणुकीसाठी बैल जमायला लागले होते, आणि नव्या मोटारीला शिंगं लागतील या भीतीनं मामानं नेमकी खळ्याकडची वाट धरली. "बघ आता," तो मला म्हणाला, "तुझा सर्जा इथून हेलकावे खात गेला असता." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिरवी खाली बसली. तक्रार नाही, धक्का नाही. दमलेली बाई पाटावर टेकते तशी ती पोटापर्यंत चिखलात टेकली. मामानं बटण दाबलं. चाकं फिरली, आणि खिडकीची काच उघडी होती म्हणून पुढची सगळी माती मामाच्या रेशमी सदऱ्यावर आली.

माणसांना पोळ्याची सुटी नसते. आमचा सालगडी उखा आणि आणखी चौघं धावून आले, त्यांनी खांदे लावले, ढकललं. हिरवी चार बोटं आणखी खाली गेली आणि उखाचं एक पायताण मातीनं गिळलं ते परत दिलंच नाही. "दोन बैल आण रे," मामा ओरडला. उखानं जीभ चावली. "आज? पोयाना दिन?" असं म्हणून तो मामाकडे असा बघायला लागला, की जणू मामानं देवाच्या नैवेद्याला हात घातला. ओरडा ऐकून आबा आले. त्यांनी हिरवीकडे बघितलं. दुःखाचा चेहरा करण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण मिश्यांचं एक टोक ऐकत नव्हतं. "बठनी का?" त्यांनी विचारलं.

"दाजी, तुमची मोटार आणा. दोर बांधून एक हिसका, बस."

"सर्जा आज सुटीवर शे."

"अहो, ती मोटार आहे!"

"हाई हिलालनानाले सांग," आबा म्हणाले.

मी पेटीवर बसून होते. समोर आबांची एक मिशी वर, मामाचा सदरा काळा, आणि मधून मधून वेशीकडून ढोलाचा आवाज. उद्या सकाळी त्या बाई दुसऱ्या मुलीला आत बोलावतील, एवढंच मला दिसत होतं. इतक्यात माय आली. हातात पूजेचं ताट, पदर डोक्यावर, चेहरा पिठासारखा कोरा. तिनं मामाकडे बघितलंच नाही. माझ्याकडेही नाही. ती आबांच्या शेजारी उभी राहिली आणि गावातल्या कुणाच्या तरी बाळंतपणाची चौकशी करावी तसं म्हणाली, "यंदाबी सर्जा एकलाच चाली का? शेवटले?"

आबांची वर गेलेली मिशी खाली आली.

"नही म्हनजे," माय म्हणाली, "जोडी दारशी चालीसन येल शे, म्हनीसन इचारं. नवा गोऱ्हा पहिलांदा मिरवाले काढतस, तं जुनाना मांगे बांधीसनच काढतस ना?"

ते खरंच होतं. नव्यानं आणलेला गोऱ्हा पहिल्या पोळ्याला बुजतो, म्हणून आमच्याकडे त्याला कासऱ्यानं जुन्या बैलाच्या मागे बांधून मिरवत, आणि ती जोडीच धरत. आबा हिरवीकडे बघायला लागले. पण आता त्यांची नजर वेगळी होती. बाजारातली नजर होती ती. मामा काही तरी बोलणार होता. मायनं ताटातलं कुंकू सरळ त्याच्या कपाळाला असं जोरात लावलं की तो गप्प झाला. पैजेची आठवण आबांना होईल असं मला वाटत होतं. ती झाली नाही. त्यांची अडचण निराळीच होती. "उंचीमा फरक पडस," ते शेवटी म्हणाले.

"गोऱ्हा शे," माय म्हणाली. "वाढी."

पुढचं सगळं फार भराभर झालं. उखानं आणि त्या चौघांनी सर्जाला गोठ्यातून ढकलत खळ्याच्या कोरड्या कडेला आणलं, आणि उखानं कासरा आणला. आबांनी तो स्वतःच्या हातानं बांधला, एक टोक सर्जाच्या मागे, एक हिरवीच्या पुढे, आणि गाठ मारताना हिरवीच्या कपाळाला थोपटलं. मायनं आपलं एक जुनं लुगडं हिरवीवर झूल म्हणून टाकलं. मामा हिरवीत चाक धरून बसला, मी मागे पेटीपाशी. मग आठवण झाली आणि मी परत उतरले, कारण सर्जाला उठवणार कोण? अंगठा बाजूला, खालून वर, चाल रे सर्जा. आयुष्यात इतकं मनापासून मी त्याला कधी चल म्हटलं नव्हतं. तो लाथ न मारता उठला. मी चिखलातून धावत हिरवीत जाऊन बसले. आबांनी भोंगा दाबला, घुंगरं वाजली, कासरा ताणला, ताणला, आणि तळ्यातून म्हैस उठताना होतो तसा एक प्रचंड ओला आवाज होऊन हिरवी बाहेर आली.

यात मायचा बेत किती आणि योगायोग किती, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हाही विचारलं. ती प्रत्येक वेळी कढईत काही तरी टाकायची.

मिरवणूक मात्र मी विसरणार नाही. आबांनी सर्जाला एकट्या बैलांच्या रांगेतून काढलं आणि जोड्यांमध्ये नेऊन घातलं. कुणी अडवलं नाही, कारण अडवणार काय म्हणून? पुढे शिंगं बांधलेला काळा सर्जा, मागे लुगडं नेसलेली हिरवी, कुशीतून मध्येच तो तांबडा हात बाहेर काढणारी, कारण घाबरून मामाचं बोट भलत्याच बटणावर पडत होतं. पोरं ओरडत होती, बाया ओट्यांवरून ठोंबरा घेऊन ओवाळायला येत होत्या, आणि एका म्हातारीनं तर मामालाच घास भरवला. वेशीतून जोडी निघाली तेव्हा आबांची मान अशी ताठ होती, की पागोटं वेशीच्या कमानीला घासतं की काय असं वाटलं. खळ्यापाशी काय झालं ते ते साफ विसरले होते. किंवा असं म्हणू, की जोडीच्या सुखापुढे ते त्यांना दिसेनासं झालं होतं.

मिरवणूक मारुतीपाशी थांबली. पारापलीकडून धुळ्याचा खडीचा रस्ता सुरू होतो, कोरडा, सरळ. मामानं हिरवीचं बटण हळूच दाबून ठेवलं आणि ती आज्ञाधारकपणे गुरगुरायला लागली. आबा उतरून नारळ घेऊन नानांच्या पाया पडायला गेले. हिलालनाना पारावरून सावकाश खाली आले. त्यांनी सर्जाची शिंगं बघितली, हिरवीचं लुगडं बघितलं, आणि मग काठीच्या टोकानं कासरा उचलला. कासरा तारेसारखा ताठ झाला होता आणि त्याच्यावर खळ्याची काळी माती थापली होती. हिरवीच्या पोटालाही तीच माती. ढोल वाजायचे थांबले. आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी कुणी बैल कामाला जुंपला, तर त्या घराचं जनावर मिरवणुकीतून कायमचं बाद; हे सगळ्यांना माहीत होतं. नानांनी आबांकडे बघितलं.

"आबा," ते म्हणाले, "दोरले ताण पडेल शे. पोयाना दिन बैल जुपा का रे तू? सर्जानी हाई गाडी वढी?"

सगळं गाव आबांकडे बघत होतं. माय पदर सारखा करत होती आणि मारुतीच्या शेंदराकडे अगदी मन लावून बघत होती. मी पेटीची कडी घट्ट धरली. आबांनी सर्जाकडे बघितलं, इतक्या दिवसांनी जोडीत उभ्या राहिलेल्या सर्जाकडे. मग त्यांची नजर हिरवीच्या काचेतून माझ्यापर्यंत आली, तिथे थांबली, आणि पैज त्यांना आठवली हे मला त्यांच्या मिश्यांवरूनच कळलं. पण तोवर तोंड उघडलेलं होतं, आणि आबा उभ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले,

"कोन वढं? कोनी नही वढं! सर्जा नुसता पुढे चालना, ती हिरवी सोताना पायवर उनी, सोताना पायवर!"